‘आम्ही वाट पाहतो’ : एका कुटुंबाच्या फाइलमधला चुकलेला शेरा

रुग्णालयाच्या फाइलमधला तो शेरा माझ्याच अक्षरात आहे. ‘कुटुंबाची ताणाला तोंड देण्याची पद्धत निष्क्रिय. बाहेरची मदत घेण्याची तयारी कमी. घरी उपचार सुरू करण्याबाबत फेरविचार व्हावा.’ एवढी तीन वाक्यं. त्यांच्यामुळे आठ वर्षांच्या एका मुलाचं घरी जाणं तीन आठवडे लांबलं. ती तीन वाक्यं मी कशावरून लिहिली, त्यातलं काय चुकलं आणि काय अगदीच चुकलेलं नव्हतं, ते इथे क्रमानं मांडते आहे.

कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून देश, भाषा आणि आजार यांची नावं काढली आहेत, काही तपशील बदलले आहेत. फॉर्मवरची विधानं आणि त्यामागची पद्धत मात्र आहे तशीच ठेवली आहे.

कुटुंब

घरात चौघं. मुलाची आई, आजी म्हणजे आईच्या सासूबाई, सोळा वर्षांची मोठी बहीण आणि तो. दीड वर्षापूर्वी स्वतःचा देश सोडून ती इथे आली. वडील मागे राहिले. कधी महिन्यातून दोनदा फोन लागायचा, कधी दोन महिने काहीच नाही. येऊन वर्ष झालं असेल नसेल तेवढ्यात मुलाचा आजार निघाला. उपचार दीर्घ मुदतीचे होते आणि त्यांचा पुढचा टप्पा घरी करता येण्यासारखा होता. वेळेवर औषधं, दिवसातून दोनदा ताप पाहणं आणि ताप आला की ताबडतोब कळवणं. घराला हे झेपेल का, एवढंच आम्हाला ठरवायचं होतं. अशा निर्णयाआधी कुटुंबाकडून एक प्रश्नावली भरून घेण्याची आमच्या टीमची रीत आहे. ते काम माझ्याकडे असतं.

फॉर्म

आम्ही वापरतो ती प्रश्नावली, म्हणजेच मापनी, एफ-कोप्स. हॅमिल्टन मॅकबिन, डेव्हिड ओल्सन आणि लार्सन या तिघांनी ती १९८१ मध्ये अमेरिकेत तयार केली. तीस विधानं आहेत आणि सगळ्यांची सुरुवात एकच: कुटुंबावर अडचण येते तेव्हा आम्ही काय करतो. नातेवाइकांशी बोलतो, शेजाऱ्यांकडे मदत मागतो, देवावर श्रद्धा ठेवतो, डॉक्टरांचा सल्ला घेतो, अशी एकेक वाक्यं. प्रत्येकापुढे १ ते ५, ‘अजिबात असहमत’पासून ‘पूर्ण सहमत’पर्यंत. गुणांकन पाच गटांत होतं. सामाजिक आधार मिळवणं, अडचणीकडे वेगळ्या नजरेनं पाहणं, आध्यात्मिक आधार शोधणं, बाहेरची मदत मिळवणं आणि ती स्वीकारणं, हे चार. पाचव्याला मुळात ‘पॅसिव्ह अप्रेझल’ म्हणतात, म्हणजे काही न करता अडचण तशीच चालू देणं. या पाचव्या गटात चारच विधानं आहेत आणि त्यांचे गुण उलटे मोजतात. ‘पूर्ण सहमत’ला ५ टाकले की गुणपत्रकात त्याचा १ होतो.

या मापनीची मुळं थोडी मागे जातात. रूबेन हिल यांनी १९४९ मध्ये आयोवा राज्यातल्या १३५ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धात घरातला पुरुष लांब गेला आणि मग परत आला, तेव्हा काही घरं सावरली आणि काही कोलमडली. असं का झालं, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातून एबीसी-एक्स हे सूत्र आलं. ए म्हणजे घटना, बी म्हणजे कुटुंबाजवळची साधनं, सी म्हणजे त्या घटनेचा कुटुंबानं लावलेला अर्थ, आणि या तिन्हींतून घडतं किंवा टळतं ते एक्स, संकट. पुढे १९८३ मध्ये मॅकबिन आणि जोन पॅटरसन यांनी त्यात भर घातली. एक अडचण निस्तरेपर्यंत दुसरी उभी राहते, अडचणींचा ढीग साचतो आणि कुटुंब त्या सगळ्या ढिगाला तोंड देत असतं, हे त्यांनी सूत्रात आणलं. आमच्या या घरापुढचा ढीग तर मोजून सांगता आला असता: देश सुटलेला, वडील मागे राहिलेले, भाषा परकी, आणि त्यावर हा आजार.

हिल यांच्या सूत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं अक्षर सी आहे. घटना बाहेरून दिसते, साधनं मोजता येतात. अर्थ मात्र त्या माणसांनाच विचारावा लागतो. मी तोच विचारला नाही.

पहिली भेट

त्या दुपारी आमची दुभाषी दुसऱ्या वॉर्डात अडकली होती. बहीण शाळेत इथली भाषा झपाट्यानं शिकली होती. ती म्हणाली, मी सांगते आईला. मी हो म्हटलं. घाई होती, कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून वीस मिनिटांत काम उरकायचं होतं. पोरीवर आपण काय लादतो आहोत हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. आपल्या आईला ‘तुमच्या घरावर अडचण येते तेव्हा’ अशी सुरुवात करून तीस वाक्यं ऐकवायची, तिची उत्तरं ऐकायची, आणि ती एका परक्या बाईला सांगायची. सोळाव्या वर्षी.

‘पुरेसा काळ वाट पाहिली की अडचण निघून जाईल असं आम्ही मानतो.’ पाच. ‘अडचणी सुटण्यात नशिबाचा मोठा वाटा असतो.’ पाच. ‘कितीही तयारी केली तरी अडचणी हाताळणं जडच जाणार.’ चार. शेजाऱ्यांकडे मदत मागणं, एक. समाजातल्या संस्थांची मदत घेणं, एक. समुपदेशन घेणं, एक. आजी शेजारीच होत्या. त्यांनाही विचारावं म्हणून चारपाच विधानं विचारली. प्रत्येक वेळी त्या मधल्या ३ वर बोट ठेवायच्या. मला वाटलं, कंटाळल्या असतील.

संध्याकाळी बेरीज केली आणि शेरा लिहिला.

सिस्टरचा प्रश्न

दोन दिवसांनी वॉर्डच्या सिस्टर फाइल घेऊन आल्या. “निष्क्रिय कोण? ही आजी?” त्यांनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. जुन्या कॅलेंडरचं पान, उलटं केलेलं. पेन्सिलीनं आखलेल्या आडव्या ओळी, प्रत्येक दिवसाची एक. ओळीत उभ्या रेघा आणि ठिपके. आजींना लिहिता-वाचता येत नाही. रेघ म्हणजे औषध दिलं. ठिपका म्हणजे कपाळाला हात लावून पाहिलं. ठिपक्याभोवती गोल म्हणजे अंग गरम होतं. मुलगा वॉर्डात असतानाही, जिथे दर चार तासांनी नर्स ताप नोंदवते, तिथेही आजींची ही वेगळी नोंद चालू होती. सिस्टरनी आपल्या चार्टशी ती पडताळून पाहिली होती. औषधाची एकही रेघ चुकलेली नव्हती.

वाट पाहिली की अडचण जाते असं मानणारं घर ते हेच. त्या विधानाला पाच देणारं.

मी मापनीच्या पुस्तिकेकडे परत गेले. मुळातल्या आकड्यांत एकूण मापनीचा अल्फा ०.८६ आहे. अल्फा म्हणजे एका गटातली विधानं एकमेकांशी किती जुळतात याचं मोजमाप, ली क्रोनबाख यांनी १९५१ मध्ये मांडलेलं. ‘पॅसिव्ह अप्रेझल’च्या चार विधानांचा अल्फा मात्र ०.६३. म्हणजे ज्या देशात, ज्या भाषेत मापनी जन्मली तिथेच हा गट सगळ्यांत कच्चा होता. माझ्या शेऱ्यातलं सगळ्यांत ठाम वाक्य मी नेमकं त्याच गटावर उभं केलं होतं.

तीच वाक्यं, पुन्हा

दुसऱ्या भेटीला बंद खोली घेतली, दोन तास घेतले आणि दुभाषीला आधीच बोलावून ठेवलं. फॉर्म पुन्हा भरून घेतला नाही. एकेक विधान वाचून तीनच गोष्टी विचारल्या. हे ऐकून तुमच्या मनात काय आलं? तुमच्या शब्दांत सांगाल का? आणि असं शेवटचं कधी झालं? प्रश्नावल्या तपासण्याची ही जुनी, साधी पद्धत आहे. उत्तर किती दिलं हे बाजूला ठेवायचं आणि उत्तर कोणत्या प्रश्नाला दिलं ते शोधायचं.

पहिलं उलगडलं ते ‘वाट पाहणं’. बहिणीनं जो शब्द वापरला होता त्याचे त्यांच्या भाषेत दोन अर्थ होतात, वाट पाहणं आणि टिकाव धरणं. मराठीत आपल्याकडे यासाठी शब्दांची रांगच आहे: थांबणं, वाट पाहणं, धीर धरणं, दम धरणं, कळ काढणं, तग धरणं. ‘पुरेसा काळ वाट पाहिली की अडचण जाते’ आणि ‘पुरेसा काळ तग धरला की अडचण जाते’ ही दोन वाक्यं एकाच घरातून एकमेकांच्या विरुद्ध उत्तरं काढतील. आई म्हणाल्या, “तेच तर करतोय आम्ही. दीड वर्ष. नाहीतर इथवर आलो असतो का?” त्यांनी ५ दिले होते ते आपल्या चिकाटीला. गुणपत्रकानं उलटे करून त्याचा १ केला.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण भाषांतराच्या कामात ती वारंवार अडते. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये उलट भाषांतराची पद्धत मांडली. एकानं मूळ मजकूर दुसऱ्या भाषेत न्यायचा, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या माणसानं तो परत आणायचा, मग दोन्ही समोरासमोर ठेवायचे. पद्धत चांगली आहे, ढोबळ चुका तिच्यात सापडतात. पण आमच्या या शब्दाचं उलट भाषांतर केलं असतं तर ‘वाट पाहणं’ असंच परत आलं असतं. कागदोपत्री सगळं बरोबर ठरलं असतं. ऐकणाऱ्याच्या कानावर तो शब्द पडताना त्याचा दुसरा अर्थ आधी उमटतो, हे फक्त ऐकणाराच सांगू शकतो.

मग शेजाऱ्यांचं. आजी आतापर्यंत गप्प होत्या. या वाक्याला त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मागावं लागलं तर तो शेजार कसला?” त्यांच्या गावी घरात कुणी आजारी पडलं की न सांगता कुणीतरी येऊन पाणी भरून जायचं, कुणी मुलं घेऊन जायचं. मदत होती. मागणं नव्हतं. मागणं म्हणजे समोरच्याला त्याच्या कर्तव्यात चुकल्याची आठवण करून देणं. विधानातलं क्रियापद ‘मागतो’ होतं, म्हणून उत्तर १ आलं. मी ते ‘या घराला आधार नाही’ असं वाचलं. इथे, नव्या शहरात, खरंच फारसा आधार नव्हता. पण तो माझा तर्क होता, आणि तो बरोबर निघाला तरी त्या १ वरून काढायचा तर्क नव्हता.

आजींच्या मधल्या बोटाचंही तसंच. त्यांना विचारलं, ३ का? त्या म्हणाल्या, कधी करतो, कधी नाही, एकच कसं सांगू? पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवर टोक गाठायचं की मध्यात थांबायचं, ही सवयसुद्धा समाजासमाजात वेगळी असते. १९९५ मध्ये जपान, तैवान, अमेरिका आणि कॅनडा इथल्या विद्यार्थ्यांच्या उत्तरांची तुलना प्रसिद्ध झाली तेव्हा जपानी आणि तैवानी मुलं मधल्या पर्यायाकडे जास्त झुकलेली आढळली. मोजताना ही सवय लक्षात घेतली नाही, तर लोक बोलायला संकोचत असतात आणि आपण त्यांच्यात कमतरता आहे असं नोंदवत बसतो.

संस्था आणि समुपदेशन यांना दिलेला १ सगळ्यांत जड निघाला. दुभाषीनं विचारल्यावर आई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनीच विचारलं, हा कागद कुठे जातो? त्या ज्या देशातून आल्या तिथे कुटुंबाची माहिती भरलेला कागद चुकीच्या टेबलावर पोहोचला की माणूस नाहीसा होऊ शकतो. इथे त्यांच्या राहण्याच्या परवान्याचा निर्णय व्हायचा होता. त्यांना वाटलं होतं की आम्ही तीस वाक्यांत त्यांची परीक्षा घेतो आहोत, आणि संस्थांकडे मदत मागणारं कुटुंब ओझं ठरेल. त्यांनी विचार करून, मुलांच्या भल्यासाठी १ दिला होता. फॉर्म रुग्णालयाबाहेर जात नाही हे आम्ही सांगायला हवं होतं. तेही सोळा वर्षांच्या मुलीच्या तोंडून सांगून भागणारं नव्हतं.

‘आम्ही’ म्हणजे कोण

शेवटी आई म्हणाल्या, “सगळ्या वाक्यांत आम्ही आहे. त्यात तो धरायचा का?”

मुलीला मी नंतर वेगळं विचारलं. तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं की वडील धरायचे नाहीत. “ते इथे नाहीत ना.” आईला तिनं विचारलंही नव्हतं. विचारलं असतं तर आई रडली असती आणि फॉर्म अर्धा राहिला असता, असं ती म्हणाली. म्हणजे त्या बाकावर माझ्यासमोर दोन कुटुंबं उत्तरं देत होती. मुलीच्या ‘आम्ही’त चौघं होती, आईच्या ‘आम्ही’त पाच. आईनं ‘नातेवाइकांशी अडचणी बोलतो’ याला ४ दिले होते. ते लागणाऱ्या आणि न लागणाऱ्या फोनचे होते.

पॉलिन बॉस यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरांसोबत काम केलं. माणूस गेल्याचं निश्चित नाही, येण्याचंही निश्चित नाही, अशा हानीला त्यांनी संदिग्ध हानी म्हटलं. शरीरानं नसलेला माणूस मनानं घरात असतो. घराची सीमाच कुठे आहे ते ठरत नाही. कोण आत, कोण बाहेर, निर्णय कुणी घ्यायचा, कुणाच्या वाटचं काम कुणी करायचं. मला हे माहीत होतं, शिकवलेलंही आहे. तरी ‘आम्ही’ या शब्दाची व्याख्या विचारण्याची एक ओळ आमच्या फॉर्मवर नव्हती आणि ती नसल्याचं मला कधी खटकलंही नव्हतं.

कुटुंबाचं मोजमाप करणाऱ्या बहुतेक मापन्यांची अडचण हीच आहे. प्रश्न कुटुंबाबद्दल असतो, उत्तर एक माणूस देतो. दोघांनी भरलं तर सरासरी काढायचा मोह होतो. या घरात आईच्या आणि मुलीच्या उत्तरांची सरासरी काढली असती तर कुणाच्याच नसलेल्या साडेचार माणसांच्या घराचा आकडा आला असता. त्या दोघींमधला फरक हीच माहिती होती. मुलगी वडिलांना हिशेबातून काढून पुढे जायला बघत होती, आई त्यांना धरून होती, आणि दोघी एकमेकींशी त्याबद्दल बोलत नव्हत्या. पुढच्या तीन महिन्यांत समुपदेशनात खरं काम झालं ते याच गोष्टीवर.

आकड्यांची तुलना

मग ही मापनी टाकूनच द्यायची का? माझ्या सहकाऱ्यांपैकी एकीचं मत तसं होतं. मला ते पटत नाही. ज्या विधानांनी दगा दिला त्यांच्यामुळेच बोलणं सुरू झालं. पण दोन समाजांतल्या कुटुंबांचे आकडे शेजारी ठेवून ‘हे कुटुंब त्याहून कणखर’ म्हणण्याआधी बरंच काही सिद्ध करावं लागतं. संशोधक ते पायऱ्यांनी तपासतात. दोन्हीकडे विधानांचे गट तसेच पडतात का? प्रत्येक विधानाचं वजन सारखं आहे का? आणि सुरुवातीची जागा सारखी आहे का, म्हणजे खरोखर सारखाच ताण पेलणारी दोन घरं सारखाच आकडा देतील का? तिसरी पायरी गाठली नाही तर दोन समाजांच्या सरासऱ्यांची तुलना म्हणजे पासंग असलेल्या तराजूत माल जोखणं. जोखलं जातं, पण कोणतं पारडं आधीच झुकलेलं होतं ते कळत नाही. आणि तिन्ही पायऱ्यांना शेकडो कुटुंबांची माहिती लागते. एका वॉर्डातल्या एका घराच्या बाबतीत ती कधीच हाताशी नसते. तिथे विचारणं एवढंच उरतं.

उलट्या टोकानं सुरुवात करणारी कामंही झाली आहेत. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झिम्बाब्वेत १९९७ मध्ये शोना भाषेतली १४ प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिची सुरुवात तिथले रुग्ण स्वतःचा त्रास कोणत्या शब्दांत सांगतात इथून झाली. ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अति विचार करत राहणं, हा त्यातला एक. बाहेरून आणलेल्या यादीत तो शब्द कधीच सापडला नसता. मायकेल अंगर आणि लिंडा लीबेनबर्ग यांचं मुलांच्या तग धरण्याच्या क्षमतेवरचं काम ११ देशांतल्या १४ समुदायांत झालं. त्यातून २८ विधानांची मापनी आली, आणि प्रत्येक ठिकाणच्या लोकांनी आपल्याला महत्त्वाचे वाटणारे प्रश्न जोडावेत अशी सोयही तिच्यात ठेवली आहे. मला ही सोय फार महत्त्वाची वाटते. समान विधानं तुलनेसाठी, आणि मोकळी जागा आपल्याला न सुचलेल्या गोष्टींसाठी.

घरी

शेरा खोडला. नवा लिहिला, अर्ध्या पानाचा. कोण काय करतं, रात्री कोण जागतं, फोन कुणाच्या हातात असतो. मुलगा घरी गेला.

सतराव्या रात्री त्याला ताप आला. दहाच्या सुमारास. आम्हाला फोन आला पहाटे पाचला. मुलाला दाखल करावं लागलं, पाच दिवसांत तो बरा झाला, पण त्या सात तासांत बरंच काही बिघडू शकलं असतं.

आजींच्या पानावर त्या रात्रीच्या ओळीत नऊ ठिपके होते. नऊही ठिपक्यांभोवती गोल. म्हणजे सात तासांत नऊ वेळा त्यांनी हात लावून पाहिलं होतं. कुणी झोपलं नव्हतं. ओल्या कापडाच्या घड्या, पाणी, पुन्हा हात. आणि फोन नाही. मी विचारलं तेव्हा आई म्हणाल्या, तुम्ही दिवसभर काम करता, रात्री कसं उठवायचं?

म्हणून मघाशी म्हटलं की माझं अगदीच चुकलेलं नव्हतं. फॉर्मनं दाखवलेला तो १ खरा होता. हे घर मागत नाही. मी त्याला निष्क्रियपणा असं नाव दिलं आणि नाव चुकल्यामुळे उपायही चुकला. निष्क्रिय घराला घरी पाठवू नये असं मी सुचवलं. न मागणाऱ्या घराला काय द्यावं हा विचारच केला नाही. आणि दुसऱ्या भेटीनंतर मी इतकी सुखावले होते की शेजाऱ्यांच्या त्या वाक्यात रात्रीच्या फोनचाही धोका आहे हे मला दिसलं नाही. आजींनी तोंडानं सांगितलं होतं. मी ते टिपूनही घेतलं होतं.

उपाय सिस्टरनी सुचवला. रोज रात्री आठ आणि अकरा वाजता वॉर्डातून आपणच फोन करायचा. त्यांनी मागायचं नाही, आपण विचारायचं. आणि आजींच्या पानावर एक नवी खूण: गोलातला ठिपका आला की त्याच्या पुढे लगेच एक फुली काढायची आणि फुली म्हणजे फोन. औषधाच्या रेघेसारखीच, चुकवायची नाही. दुभाषीनं समजावलं तेव्हा आजींनी पेन्सिल मागून तिथल्या तिथे काढून दाखवली.

पुढच्या चार महिन्यांत दोनदा ताप आला. दोन्ही ओळींत एकच ठिपका आहे आणि त्याला लागून फुली.

आमच्या फॉर्मच्या वर आता एक ओळ वाढवली आहे, पहिल्या विधानाच्या आधी: ‘पुढच्या प्रश्नांत आम्ही म्हणजे कोण कोण? नावं किंवा नाती लिहा.’ उपचार संपत आले तेव्हा आईंनी फॉर्म पुन्हा भरला, या वेळी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या लिपीत. चार नावं लिहिली. मग थांबून पाचवं लिहिलं, त्याच्यापुढे कंस उघडला, कंस बंद केला, आणि मधली जागा तशीच ठेवून पहिल्या विधानाकडे वळल्या.